एक वाजताचं ताट

मसुरे, ता. मालवण
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

अपेक्षा,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, घ्यायचा तर घे. आईच्या बाराव्याला माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याला येत्या शुक्रवारी दोन महिने होतील. फोन उचलत नाहीस, मेसेज नुसते बघून ठेवतेस. म्हणून कुळथाच्या पिशवीत चिठ्ठी घालून रात्रीच्या बसनं पाठवते आहे. माझ्यावर राग असला तरी कुळथावर नाही, तेव्हा पिशवी घ्यायला लालबागला जाशीलच.

काल शेवंतीमावशीचा फोन आला. तिच्या वरच्या गॅलरीतून तुझं मागचं अंगण सगळं दिसतं. आईच्या चारही कोंबड्यांची छातीची हाडं वर आलीत म्हणे. काळी एका कोपऱ्यात पंख पाडून बसते. बोडकीला उचलली तर हातात नुसती पिसं. अंडी दसऱ्यापासून बंद. माझगावात खोलीच्या मागे चार हात मोकळी जागा मिळायला नशीब लागतं. आईनं त्या जागेत तीस वर्षं कोंबड्या पाळल्या. बाबा गोदीत ओव्हरटाइम करायचे तेव्हा तुला रोज अंडं त्याच खुराड्यातनं मिळायचं. आई गेली आणि दोन महिन्यांत तू त्यांची ही दशा केलीस?

मूठभर कणी टाकायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही मिळत नाहीत तुला? नोकरी काय जगात तू एकटीच करतेस? परळच्या हॉस्पिटलात बसून दिवसभर लोकांचं रक्त तपासतेस, घरातला मुका जीव वाळत चाललेला दिसत नाही.

बाराव्याला मी जे बोलले ते रागात बोलले, असं सगळे माझ्या वतीनं तुला सांगत होते. मी ते मागे घेतलेलं नाही. आता तर मावशीसुद्धा म्हणते की नलू बोलली त्यात काहीतरी असेल.

सोबत कणी आणि कोंडा पाठवते आहे. वेळेवर घाल.

नलूताई


माझगाव
रविवार, २३ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे तू समजून घे.

हे पत्र लॅबमध्ये बसून लिहिते आहे. सप्टेंबरपासून मी रविवारचीही ड्युटी मागून घेते, कारण घरात बसवत नाही. मावशीनं तुला हे सांगितलं का? नसेल. तिला कोंबड्यांची हाडं दिसतात, मी कधी जाते नि कधी येते ते दिसत नाही.

ऐक. सकाळी सहा वाजता मी खुराड्याचं दार उघडते. थंडीचे दिवस आहेत, तेव्हा बाहेर काळोख असतो. कोंबडीला काळोखात दिसत नाही, ती दांडीवरून खाली उतरतच नाही. मी भांड्यात कणी ठेवते, पाणी बदलते आणि सव्वासहाला निघते. सातला रक्त द्यायला लोकांची रांग लागलेली असते. संध्याकाळी सात वाजता परत येते तेव्हा पुन्हा काळोख, आणि त्या चौघी दांडीवर डोळे मिटून बसलेल्या. आईच्या कोंबड्यांनी मला जागेपणी पाहून महिना झाला असेल. बल्ब लावून बघितला. पहाटे उजेड दिसल्यावर काळी अशी ओरडली की पहिल्या मजल्यावरून तीन खिडक्या उघडल्या. तुझ्या लाडक्या मावशीची त्यात पहिली होती.

पण भांडं, ताई, रोज संध्याकाळी रिकामं असतं. एक दाणा राहत नाही. मी घालत नाही असं कोणी म्हणायचं नाही.

आता दुसरं. तुला वाटत असेल की कोंबड्यांवरून सुरुवात केली की मी मूळचं विसरेन. बाराव्याला पंगत बसली होती. चाळीस माणसं होती, माझ्या लॅबमधली ऋतासुद्धा होती. मी भात वाढत होते आणि तू पानावरून म्हणालीस, ‘आई उपाशी गेली हिच्या घरात.’ कोणीतरी तुला गप्प बस म्हणालं, तर तू ते पुन्हा म्हणालीस. माझ्या हातातलं भाताचं पातेलं तसंच राहिलं.

आई उपाशी गेली नाही. रोज पहाटे पाचला उठून मी तिचं जेवण करत होते. मऊ भात, आमटी, सोलून, काटे काढून ठेवलेला बांगडा, दात नाहीत म्हणून भाजी घोटून. ताट वाढून, वर झाकण घालून ओट्यावर ठेवायचे. रात्री यायचे तेव्हा ताट घासून पालथं घातलेलं असायचं. मी रोज विचारायचे, ‘जेवलीस?’ ती म्हणायची, ‘ताट बघ.’ मी ताट बघायचे. चार वर्षं बघितलं. तिच्या अन्ननलिकेत गाठ होती, ती तिला घेऊन गेली. त्यात माझ्या ताटाचा काय दोष?

आणि तू कुठे होतीस? तेवीस ऑगस्टला पाणीसुद्धा उतरेना म्हणून मी तिला ॲडमिट केलं. त्याच दिवशी तुला फोन केला. तू गणपती बसवलेस, गौरी जेवू घातल्यास, सगळं पोचवून चार सप्टेंबरला उगवलीस. दहा सप्टेंबरला आई गेली. सहा दिवस बघून तू चार वर्षांचा निकाल लावलास. मसुऱ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही.

कणी मिळाली. कुळीथ शेजारी देऊन टाकले.

अपेक्षा


मसुरे
रविवार, ३० नोव्हेंबर

अपेक्षा,

गौरी-गणपती काढलेस. काढ. माझ्या घरात सासूबाई अंथरुणावर आहेत, गणपती पाच भावांचा एकत्र आहे, हे तुला ठाऊक असून काढलेस. असू दे.

भांडं रिकामं झालं म्हणजे कोंबडीच्या पोटात गेलं असं नव्हे. माझगावात कबुतरं काय कमी आहेत? घुशी आहेत. कोणी खाल्लं हे बघायला घरात माणूस लागतं. रिकामं भांडं बघून निजायचं आणि वर तोंडही चालवायचं. लॅबमध्ये असंच करतेस काय?

आणि ती कच्ची कणी त्या खाणारच नाहीत. त्यांना एक वाजता शिजलेलं खायची सवय आहे. भात, आमटी, मासळीचं डोकं. दुपारी एक वाजता मागच्या दारी कालवलेला भात घाल, बघ कशा येतात. रोज जमत नसेल तर शेजारच्या प्रितीला सांग.

येत्या रविवारी, सात तारखेला, आईचं तिसरं मासिक आहे. मी इथे आईच्या नावानं पान वाढून वाडी दाखवणारच आहे. तूही त्या दिवशी ड्युटी घेऊ नकोस. केळीच्या पानावर सगळं वाढ, मागच्या अंगणात कावळ्याला ठेव, हात जोड. मेलेल्या माणसाला तरी वेळेवर वाढ.

नलूताई


माझगाव
सोमवार, ८ डिसेंबर

ताई,

काल मी सुट्टी घेतली. तू म्हणालीस म्हणून नाही. आईचं मासिक आहे हे मला तुझ्याआधी माहीत होतं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा उजेडात मागच्या दारी बसले. सकाळी साडेसातला कोंबड्या खुराड्यातनं बाहेर आल्या, तोवर कबुतरांनी भांड्याचा तळ पुसला होता. वीस-पंचवीस होती. माझ्या डोळ्यांदेखत. रोज मी सहाला कणी ठेवून जात होते ती कबुतरांसाठी. तेवढ्यापुरतं तुझं खरं होतं, म्हणून आधी लिहून टाकते.

मी कबुतरं हाकलली, दुसरी कणी टाकली. कोंबड्यांनी चोची मारल्या, दहा-वीस दाणे टिपले आणि सोडून दिलं. मग अंगणात इकडेतिकडे ओरबाडत राहिल्या. मी स्वयंपाकाला लागले. भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, तांदळाची खीर. पान वाढलं आणि मागे घेऊन गेले तेव्हा कोपऱ्यावरच्या चर्चची घंटा झाली होती. एक वाजला होता.

मला पान ठेवायलाच मिळालं नाही. चौघी धावत आल्या. खाली वाकले तोवर त्या दारात उभ्या, एका ओळीत, उंबऱ्याला लागून. काळी पुढे, मग तुरेवाली, तांबडी, बोडकी मागे. पान माझ्या हातात होतं, पण त्या पानाकडे बघत नव्हत्या. दाराआड आईचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असतो ना, त्याच्याकडे बघत होत्या.

मी तो पाट टाकला आणि त्यावर बसले. का बसले ते सांगता येणार नाही. पान मांडीवर घेतलं. काळी उडी मारून माझ्या गुडघ्यावर येऊन बसली आणि माझ्या हातातला भात खायला लागली. तिला मी आयुष्यात कधी हातानं भरवलेलं नाही, ताई. तिनं माझ्या बोटांमधनं घास काढला, खाली तिघींना टाकला, पुन्हा वर चोच केली. वरण खाल्लं, खीर खाल्ली, वडा फोडून खाल्ला. दहा मिनिटांत पान असं स्वच्छ झालं की घासायची गरज नव्हती. मग त्या चौघी वळल्या आणि आपापल्या कामाला निघून गेल्या.

मी त्या स्वच्छ पानाकडे बघत बसले.

वर्ष झालं की किती, मला माहीत नाही. रोज एक वाजता आई या पाटावर बसून माझं ताट यांना भरवत होती. माझा मऊ भात, माझा सोललेला बांगडा. मग ताट घासून पालथं घालायची आणि रात्री मला म्हणायची, ताट बघ.

जून महिन्यात मी तिचं रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली आलं. मी तिला रागावले, लोहाच्या गोळ्या आणल्या, आमटीत पालक घालायला लागले. तो पालकही कोंबड्यांनीच खाल्ला. रविवारी मी घरी असायचे तेव्हा म्हणायची, ‘पोहे जड झालेत, तू जेव, मी मागाहून बसते.’ मी जेवून झोपायचे. सहा दिवसांच्या ड्युटीनंतर मी झोपायचे ग. डॉक्टर म्हणाले होते, चार महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. चार महिने ती माझ्या डोळ्यांसमोर उपाशी होती आणि मी ताट बघत होते.

तेव्हा तुझं खरं आहे. आई माझ्या घरात उपाशी गेली. आनंद झाला?

पण मग रात्री तुझं पत्र पुन्हा काढलं. ‘त्यांना एक वाजता शिजलेलं खायची सवय आहे. भात, आमटी, मासळीचं डोकं.’

ताई, मी त्या घरात राहते आणि मला हे काल कळलं. तू साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब राहतेस. तुला कसं माहीत होतं?

अपेक्षा


माझगाव
रविवार, २१ डिसेंबर

ताई,

तुझी पिशवी मिळाली. नारळ, कोकमाची सोलं, कोंडा. खालपासून वरपर्यंत उपसली. पत्र नव्हतं.

मी एकच प्रश्न विचारला आहे.

अपेक्षा


मसुरे
रविवार, २८ डिसेंबर

अपू,

तीन वेळा लिहिलं आणि चुलीत घातलं. आज लिहून बंद करून ड्रायव्हर मनूदादाच्या हातात देणार, म्हणजे मागे घेता येणार नाही.

मे महिन्यात आई आंब्यांच्या दिवसांत इकडे पंधरा दिवस आली होती, आठवतं? दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तिला मागच्या पडवीत पेज आणि आंब्याचं रायतं देऊन विहिरीवर गेले. कळशी विसरले म्हणून परत आले, तर ती ताट मांडीवर घेऊन माझ्या कोंबड्यांना पेज घालत होती. मला वाटलं, लाड करते. पण संध्याकाळीही तेच. पुढच्या दिवशी मी तिचा हात धरला. दंडावर ब्लाउज लोंबत होता. म्हटलं, आई, हे काय चाललंय?

ती म्हणाली, ‘घास उतरणा नाय गो, नलू. हयसर अडकता. अपूक सांगा नको हां. तिची आर्डर येवची आसा. तिका कळला तर ती नोकरी सोडून माझ्या उशाक बसतली.’

माझगावातही रोज एक वाजता तुझं ताट कोंबड्यांच्याच पोटात जातं, हेही तेव्हाच तिनं सांगितलं. मी म्हटलं, असं कसं, डॉक्टरकडे जायला हवं. तिनं माझ्या ध्रुवची शपथ घातली. एकुलत्या एका पोराची. म्हणाली, जुलैत अपूची पर्मनंटची ऑर्डर निघू दे, मग मी स्वतःच तिला सांगते. नऊ वर्षं कंत्राटावर काढलेली पोर आहे.

मी गप्प बसले. तिला पेज पातळ करून द्यायची, ती घोट घोट प्यायची. मला वाटलं, म्हातारपण आहे, घशाला कोरड असेल. खोटं लिहिते आहे. मला तसं वाटलं नव्हतं. मला भीती वाटली होती आणि मी ती मागे सारली.

चौदा जुलैला तुझी ऑर्डर आली. तू पेढे पाठवलेस. मी आईला फोन केला, म्हटलं, आता सांग. ती म्हणाली, गणपती होऊन जाऊ दे, तोंडावर सण आहे. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, बरं, होऊ दे. माझ्याही घरी गणपती होता ना. आई आजारी निघाली असती तर सगळं टाकून मला मुंबईला यावं लागलं असतं. ही माझी अक्कल.

बाराव्याला पानावर माझ्या शेजारी भावकीतल्या काकी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘गे नलू, तू थोरली. तुका कसा कळला नाय?’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तू समोर भात वाढत होतीस. माझ्या तोंडातून ते वाक्य तुझ्यावर गेलं. दुसऱ्यांदा म्हटलं ते तर पुरतं समजून उमजून म्हटलं, कारण एकदा म्हटल्यावर लोकांनी माझ्याकडे बघायचं थांबवलं होतं.

तेव्हापासून तुझ्यावर चिडून राहिले. कोंबड्यांवरून, कणीवरून, कशावरूनही. तुझ्यावर चिडणं थांबवलं असतं तर मला घरात एकटं बसावं लागलं असतं.

तू मला काय वाटेल ते लिही. पत्र नाही आलं तरी चालेल.

नलू


माझगाव
रविवार, ४ जानेवारी २०२६

ताई,

पत्र तर येणारच.

सात दिवस मी हे पत्र मनात लिहिते आहे. लॅबमध्ये सुई टोचताना लिहिते आहे. काल एका बाईची शीर चुकवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऋतानं मला घरी जा म्हटलं.

तुला माहीत होतं. मे, जून, जुलै, ऑगस्ट. मी पाचला उठून बांगडा सोलत होते आणि तुला माहीत होतं की तो कोणाच्या पोटात जातो. मी हिमोग्लोबिनचा आकडा तुला फोनवर सांगितला होता, ताई. तू म्हणालीस, ‘बीट दे.’ बीट! तू एक वाक्य बोलली असतीस तर मी तिला त्याच दिवशी उचलून नेलं असतं. माझ्या मजल्यावर एंडोस्कोपी होते. माझ्या टेबलापासून सोळा पावलं. रोज अनोळखी माणसांच्या गाठीचे तुकडे मी तपासायला पाठवते, आणि माझ्या आईचा घसा तू, ती आणि चार कोंबड्यांनी मिळून माझ्यापासून लपवलात.

शपथ म्हणे. ध्रुवला काही झालं नसतं. पंचवीस वर्षांचा घोडा आहे तो. आणि ऑर्डर? कोणी मागितली होती ती अशी? मला विचारलं का कोणी, तुला ऑर्डर हवी की आई? दोघींनी परस्पर ठरवलंत. आईवर मला जास्त राग आहे, पण ती ओरडून घ्यायला नाही, म्हणून तुझ्यावर ओरडते आहे. तुझ्याही वाट्याचं भरपूर आहे, काळजी करू नकोस.

माझी चूक माझ्याकडे आहे. मी ताट बघितलं, तिला बघितलं नाही. पुढे कणीच्या भांड्यालाही तशीच फसले. ती चूक मी जन्मभर घेऊन फिरेन, त्यात तुझी मदत नको. पण चाळीस माणसांपुढे जी माझ्या डोक्यावर घातलीस, ती तुझी होती. ती मी परत करते आहे.

मी तुला माफ केलेलं नाही. पत्राच्या शेवटी करेन असं समजून वाचत असशील तर इथेच थांब.

या बसनं चारही कोंबड्या पाठवते आहे. करंडीत आहेत, वरून गोणपाट शिवलं आहे, मनूदादाला पाणी द्यायला सांगितलं आहे. मला त्यांना एक वाजता जेवू घालता येत नाही, आणि काळोखात कणी ठेवून कबुतरांना पोसायचं नाही. मंगळवारी चौथं मासिक आहे. तू वाढ. रोज एक वाजता पाट घेऊन मागच्या दारी बस आणि स्वतःच्या हातानं घाल. त्या ओळीत उभ्या राहतात तेव्हा काय होतं ते एकदा तू बघ.

अपेक्षा


मसुरे
रविवार, ११ जानेवारी

अपू,

कोंबड्या पोचल्या. तांबडी वाटेत जरा मलूल झाली होती, गुळाचं पाणी दिल्यावर सावरली. पहिला दिवस डालग्याखाली ठेवल्या.

मंगळवारी मी भावकीतली सगळी बोलावली. बाराव्याला जी मुंबईत आली होती त्यातली अकरा इथलीच आहेत, त्यांच्या घरी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. काकींना हात धरून आणलं. लोकांना वाटलं, मासिकाला एवढी माणसं कशाला. एक वाजता वाडीचं पान मागच्या दारी नेलं आणि डालगं उचललं. परकी जागा, परकी माणसं, तरी त्या चौघी नीट पाटाशी आल्या. कोणीतरी ‘हाऽड हाऽड’ करून हाकलायला लागलं, वाडी आधी कावळ्याला म्हणून. मी म्हटलं, असू देत, आई यांनाच आधी घालायची.

आणि मग सांगितलं. उभं राहून, सगळं. मे महिन्यातली पेज, शपथ, ऑर्डर, गणपती. म्हटलं, ‘आई उपाशी गेली हे खरं. पण अपूनं तिला रोज वाढलं होतं. उपाशी आहे हे ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मी. बाराव्याला मी तुमच्यासमोर खोटं बोलले.’ काकी रडायला लागल्या. तुझे भावजी पान अर्ध्यावर टाकून उठून गेले, अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. शेवंतीमावशीला फोन करून शब्दन् शब्द ऐकवला, म्हणजे माझगावात मला वेगळं सांगायला नको. तुझ्या ऋताचा नंबर दे, तिलाही सांगते.

माफी मागत नाही. तू देणार नाहीस, आणि दिलीस तर मला ती नकोशी होईल.

रोज एक वाजता बसते. रोज येतात. काळी गुडघ्यावर चढते. काल बोडकीनं अंडं घातलं, दसऱ्यापासूनचं पहिलंच म्हणायचं. पण अपू, मी ताट घेऊन बसते ते दोघांचं म्हणून वाढून घेते, एक घास मला, एक त्यांना. त्यांचा जातो. माझा तोंडात फिरत राहतो. दिवाळीपासूनच तसं आहे, आता जास्त जाणवतं. घास उतरत नाही. हे आपलं तुला सांगितलं, भोगायचंच आहे मला.

नलू


माझगाव
मंगळवार, १३ जानेवारी

ताई,

पत्र आत्ता, लालबागला बसपाशी उभं राहूनच वाचलं आणि तिथल्याच बाकड्यावर हे लिहिते आहे. मनूदादाची गाडी तासाभरानं उलटी सुटते, तिच्यावर देते. बाकीच्याचं नंतर बघू. ऋताचा नंबर देणार नाही, तिला मी सांगेन.

दिवाळीपासून म्हणजे तीन महिने झाले. तीन महिने तुझा घास उतरत नाही आणि तू मला ते कोंबडीच्या अंड्यानंतर लिहितेस? भोगायचंय म्हणे! काय भोगायचंय ते ठरवणारी तू कोण? आईनं ठरवलं, आता तू ठरवणार, आणि मी पुन्हा शेवटच्या अठरा दिवसांत धावत सुटायचं? मनातलं दुःख असेल, तर तसं रिपोर्टवर लिहून येऊ दे. मग खुशाल रडत बस.

‘घास उतरत नाही’ हे वाक्य या वेळी मला कळलं आहे. आता ते परत घेता येणार नाही.

उद्या, बुधवारी, रात्रीच्या बसनं निघ. भावजींना म्हणावं, कोंबड्यांना एक वाजता भात घाला, पाटावर बसून. परवा गाडी पहाटे सहाला परळ नाक्यावर येईल. रात्री आठनंतर काही खाऊ नकोस, नुसतं पाणी पी. सकाळचा चहासुद्धा घ्यायचा नाही. मी नाक्यावर उभी असेन. तुझ्याशी बोलणार नाही, पण उभी असेन.

उपाशी ये. रक्त मी काढते.

अपू